मामांच्या फोनची पाठ

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत रंग खऱ्या अर्थाने कळणारे डोळे दोनच, आणि ते दोन्ही माझ्या बायकोच्या मामांचे, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मान्य करून टाकलं. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात मामांनी चौतीस वर्षं शेड पास करण्याचं काम केलं. पिंपात तयार झालेला रंग कापडाच्या चिंधीवर घेऊन त्यांच्यापुढे ठेवायचा, त्यांनी ती चिंधी उत्तरेकडच्या खिडकीत धरायची आणि 'हं' किंवा 'उंहूं' म्हणायचं. 'उंहूं' आलं की पिंपंच्या पिंपं परत. पुढे यंत्रं आली, पण यंत्राने पास केलेला रंगसुद्धा मामांना दाखवल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे म्हणे. निवृत्तीनंतर ही नजर घरादारावर वळली. मामींचा चहा ते तोंडाला लावण्याआधीच रंगावरून नापास करत. आमच्या लग्नाच्या हॉलमधले दोन पडदे वेगवेगळ्या ताग्यांतले आहेत, ही बातमी त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना माझ्या वडिलांच्या कानात सांगितली. आणि शेजारच्या मुलीला कावीळ आहे हे जिन्यात तिच्याकडे नुसतं बघून सांगितलं, तेव्हा तिला अजून तापही आलेला नव्हता. डॉक्टरांनी दोन दिवसांनी तेच सांगितलं. तेव्हापासून रंगाच्या बाबतीत मामांपुढे घरात कोणी तोंड उघडत नाही.

अशा माणसाला फोन घ्यायला नेण्याची कामगिरी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. मामा आमच्या वर्तकनगरच्या घरी आले, तिथून आम्ही दुकानात गेलो. दुकानातली मुलगी कॅमेरा, बॅटरी, मेमरी असं भराभर सांगत होती. मामांनी तिचं सगळं बोलणं फोन उलटे करून ऐकलं. एक त्यांनी बाजूला काढला आणि तो घेऊन ते सरळ दाराबाहेर उजेडात चालू लागले. मागून वॉचमन धावला, त्याच्या मागून मी. आम्ही पोचलो तेव्हा मामा फोनची पाठ तिरकी धरून उभे होते. आत येऊन त्यांनी त्या मुलीला विचारलं, "हा हिरवा कोणी पास केला?"

"अंकल, ब्लू आहे तो," ती म्हणाली आणि खोका दाखवला.

मामा तिच्यावर मुळीच रागावले नाहीत. "निळ्यात हिरव्याचा एक थेंब आहे, बाळ. तो टाकायला हिंमत लागते. मी आयुष्यभर टाकायला गेलो, दर वेळी जास्त पडला."

मी फोनकडे बघितलं. मला तो साधा निळा दिसला. पण मामांनी सांगितल्यावर मिनिटभर टक लावून पाहिलं, तेव्हा कुठेतरी हिरवं असल्यासारखं वाटायला लागलं आणि मी जोरात मान हलवली.

तो फोन दिसायला जितका देखणा तितकाच नांदायला कठीण निघाला. पाठ काचेची, त्यामुळे सोफ्याच्या हातावर ठेवला की हळूहळू खाली येतो. एकदा तो ओट्यावरून आपणहून सरकताना पाहून मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या तासभर आत गेल्या नाहीत. कव्हर लावा म्हटलं की मामा विचारतात, नवरीला गोधडी गुंडाळून मांडवात आणतात का? बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ते फोन रुमालात धरून बोलतात, त्यामुळे आवाज उशीखालून यावा तसा येतो आणि पलीकडचा माणूस आधी तब्येतीची चौकशी करतो. एरवी फोन टेबलावर पालथा असतो, कारण पाठ बघायची. आवाज त्यांनी बंदच ठेवलाय, त्यामुळे कोणाचा फोन आलेला मामांना कळत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर मामींच्या जुन्या बटणांच्या फोनवर लावावा लागतो. बॅटरी दुपारपर्यंत संपते, त्यावर मामांचं म्हणणं, नाजूक आहे, दमतो. संध्याकाळी कोणी तो बघायला आलं तर ट्यूबलाइटमध्ये दाखवत नाहीत, सकाळी दहाला या म्हणून सांगतात. आणि लोक जातात. मीही दोनदा गेलो आहे.

मग मामा जिन्याची शेवटची पायरी दोनदा चुकले आणि मामी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बराच जुना. मामांनी ऑपरेशनबद्दल एकच प्रश्न विचारला, रंग तेच राहतात ना? डॉक्टर प्रामाणिक होते. मोतीबिंदूची पिवळट झाक जाते, थोडे उजळ दिसतील म्हणाले. झालं, मामा चार महिने तिकडे फिरकले नाहीत. नजर कमी झाली तर चालेल, बदलायला नको, असं ते मला म्हणाले तेव्हा त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी मामींनी बोलणं टाकलं, तेव्हा कुठे एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला गेलो. मामा खिडकीशी फोन उलटा धरून बसले होते. एकदा हा डोळा मिटत होते, एकदा तो.

"जावईबापू, खरं सांगा. तुम्हाला हा पहिल्यापासून निळाच दिसत होता?"

मला खोटं बोलायचं होतं. पण या माणसाशी रंगाबद्दल खोटं बोलणं माझ्याच्याने झालं नाही. "हो, मामा."

त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनीही मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, तुमच्यापुढे रंगात कोण बोलणार?" मामी म्हणाल्या.

मामांनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाले की कारखान्यातल्या शेवटच्या वर्षी एक आकाशी त्यांनी पाच वेळा परत पाठवला होता. रंग करणारा माणूस अगदी रडकुंडीला आला होता. "बरोबर होता तो बहुतेक," मामा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्यांची समजूत काढण्याएवढा मी मोठा नव्हतो.

थोड्या वेळाने त्यांनी नव्या डोळ्यावर तळवा धरला आणि जुन्या डोळ्याने फोनकडे बघत राहिले.

"पण हा काय सुंदर होता हो," ते म्हणाले.

दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी आतापर्यंत दोनदा तारीख दिली. मामा दोन्ही वेळा काहीतरी कारण काढून घरी थांबले. मामी चिडतात, त्यांना समजवा म्हणून मला सांगतात. मी जातो, चहा पितो आणि काही न बोलता परत येतो. तो हिरवा मी कधी पाहिलेला नाही.