माझ्यामागून म्हटलेलं गणित

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील नोकरीवरून आले की संघटनेसाठी पत्रकं लिहायचे आणि छापून आली की रविवारी मंडईजवळ उभं राहून वाटायचे. पत्रक वाटणाऱ्याला ते तोंडपाठ हवं, हा त्यांचा नियम. कागदात बघून बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, असं ते म्हणत. सहा वर्षांची असताना मी महागाईवरचं अख्खं पत्रक न अडखळता म्हणून दाखवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महागाई म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नाही.

दहावीत गणिताचा अभ्यासही मी तसाच केला. एकटीनं केला असता तर आज हे लिहायची गरज पडली नसती.

बिबवेवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत माझ्याच वर्गातली एक मुलगी आईबरोबर मामाकडे राहायची. आई मार्केट यार्डातून भाजी आणून विकायची, पण घर मामाचं होतं आणि शब्दही त्याचाच चालायचा. त्यानं वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर कॉलेज. नापास झाली तर सोमवारपासून काम. वाया घालवायला आमच्याकडे वर्षं पडलेली नाहीत." बाकीचे विषय तिला जमत होते. गणिताला मात्र ती घाबरायची. दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं पाठांतर भारी आहे. मला पण करून दे ना."

मला केवढा अभिमान वाटला! कुणाला तरी पुढे न्यायचं, हेच तर मला घरी शिकवलं होतं.

आमची पद्धत मोर्च्यातल्या घोषणांसारखी होती. मी गाइड हातात धरून सोडवलेल्या उदाहरणाची एक ओळ मोठ्यानं म्हणायची, तिनं मागून म्हणायची. "एक्सचा वर्ग अधिक तेरा एक्स अधिक चाळीस बरोबर शून्य." तीही म्हणायची. "आठ आणि पाच हे अवयव." तीही म्हणायची. भूमितीची प्रमेयंसुद्धा आम्ही अशीच घोकली. फेब्रुवारीपर्यंत मी पहिली ओळ म्हटली की ती उत्तरापर्यंत धावत जायची. शाळेच्या पूर्वपरीक्षेत त्याच गाइडमधली उदाहरणं जशीच्या तशी आली. तिला चांगले गुण पडले, तिच्या आईनं आमच्याकडे मेथीच्या दोन जुड्या पाठवल्या.

बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरला आमचं केंद्र एकच होतं. ती बाहेर आली ती हसतच.

"तेरा एक्सवालं आलं होतं बघ! दोन मिनिटांत लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"आठ आणि पाच. तूच तर सांगितलेलंस."

पेपरात चाळीस नव्हते, छत्तीस होते. अवयव नऊ आणि चार. तेरा दिसल्याबरोबर तिनं पुढचं बघितलंच नव्हतं. मी तिला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी भूमितीचा पेपर होता, तिचं मन मोडायला नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

निकालात मी पास झाले, काठावर. ती गणितात नापास झाली. दोघींनी एकच गाइड, एकाच वेळी, तितकंच घोकलं होतं. मग फरक कशाचा, हा विचार मी अनेक दिवस केला. पुस्तक माझ्या हातात होतं. कुठे थांबायचं, कोणती ओळ पुन्हा घ्यायची, हे ठरवताना मला उदाहरणाकडे बघावं लागायचं. तिला फक्त माझा आवाज ऐकायचा होता. मी तिला शिकवलं नव्हतं, माझ्यामागून चालवलं होतं.

एका विषयात नापास झालं तरी अकरावीत बसता येतं, हे मी मामाला सांगायला गेले. "बसायला घरातही जागा आहे," तो म्हणाला. शेवटी तिची आई रडली तेव्हा त्यानं जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरू दिला. ही एकच संधी.

आम्ही दोघी गणिताच्या बाईंकडे गेलो आणि कसं घोकलं ते सांगितलं. त्यांनी तिला दोन उदाहरणं विचारली, तिनं घडाघडा म्हटली.

"वा," बाई म्हणाल्या. "आता बोर्डाला एक पत्र लिहा, आकडे बदलू नका म्हणून."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू आता तोंड बंद ठेवायचंस. जमेल?"

त्यांनी सांगितलेलं साधंच होतं. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा. अडलं तर एकच ओळ बघायची, पुन्हा मिटायचं आणि उदाहरण पहिल्यापासून सोडवायचं. उत्तर आलं की ते समीकरणात घालून तपासायचं. चुकलेली उदाहरणं वेगळ्या वहीत लिहायची आणि चार दिवसांनी पुन्हा करायची. धडे एकामागून एक घ्यायचे नाहीत, मिसळून घ्यायचे, कारण पेपरात वर धड्याचं नाव छापलेलं नसतं. आणि शेवटी तिनं ते मला शिकवायचं.

पहिला आठवडा भयंकर गेला. कोऱ्या कागदासमोर ती अर्धा-अर्धा तास बसून राहायची. ओळ माझ्या जिभेवर यायची, मी गिळायची. एकदा ती चिडून म्हणाली, "सांग ना गं! फेब्रुवारीत तर बोलताना थांबत नव्हतीस." तिसऱ्या आठवड्यात तिनं एक वर्गसमीकरण एकटीनं सोडवलं, उत्तर परत घालून तपासलं आणि खाली रेघ मारली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण तिची सकाळ आईबरोबर भाजी विकण्यात जायची आणि जुलै जवळ होता. बीजगणित निम्मं झालं, भूमिती जेमतेम सुरू झाली. आम्हाला आणखी दोन महिने हवे होते. तेच दोन महिने मी जानेवारी-फेब्रुवारीत घोषणांमध्ये घालवले होते.

फेरपरीक्षेतही ती नापास झाली, थोड्या गुणांनी. निकाल बघून ती प्रश्नपत्रिका घेऊन आमच्या दारात आली. कोणतं उदाहरण आलं, कोणतं अडलं, कुठे चिन्ह चुकलं, हे सगळं तिनं पेन्सिलीनं खुणा करून मला नीट समजावून सांगितलं. एकही खूण चुकीच्या जागी नव्हती.

"या वेळी मला माहितीय मी का नापास झाले," ती म्हणाली.

मामानं शब्द पाळला. सोमवारी सकाळी ती एका कारखान्यात पॅकिंगला गेली. मी त्याच सकाळी शनिवार पेठेतल्या कॉलेजची बस पकडली. स्टॉपपर्यंत आमचा रस्ता एकच होता. माझी बस आली तेव्हा ती म्हणाली, "जा, चुकेल." मी चढले.