बीजींना सांगितलेला शेवट

पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस होते तेव्हा आमची बदली चंडीगढला झाली. नवरा एअर फोर्समध्ये, मी साताऱ्याची, इंग्रजीत एम.ए. करून घरी बसलेली. जवळच्या एका शाळेत बारावीला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. मी मुलांना ‘सकूल’चं ‘स्कूल’ करायला सांगायची आणि मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या ‘व्हेरी’ची हुबेहूब नक्कल करायचं. आमचं छान जमलं.

शाळेचा भरवसा नसायचा. आज बंद, उद्या कर्फ्यू. पोर्शन संपेना, म्हणून मी चार मुलांना दुपारी घरी बोलवायला लागले. एक उतारा इंग्रजीत वाचायचा, हिंदीत समजावायचा, मग उत्तरं लिहून द्यायची, हीच तिथल्या सगळ्या शिक्षकांची पद्धत होती. गाइडवर मात्र माझा राग. ‘‘घर में गाइड दिखा तो फाड़ दूँगी,’’ असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या चौघांतला एक सरदार मुलगा मागच्या गल्लीत राहायचा. आईवडील नव्हते, आजीने वाढवलेला. दाढी नुकती फुटली होती, आणि त्या वयाच्या पगडीवाल्या मुलाला एकटं बघितलं की नाक्यावरचे पोलीस थांबवायचे. म्हणून आजी बरोबर यायची. सगळे तिला बीजी म्हणत, मीही म्हणू लागले. बीजी कोपऱ्यात वेताच्या मोढ्यावर बसून स्वेटर विणायच्या. पहिले काही दिवस त्यांचं लक्ष माझ्या स्वयंपाकघराकडेच होतं.

‘‘मैडम, पोहे में चीनी? तुसी बीमार हो?’’

‘‘हमारे यहाँ डालते हैं, बीजी.’’

‘‘तभी तुसी सारे इतने पतले हो.’’

मुलं हसून लोळली. पुढच्या खेपेला त्याच बीजींनी दोन वाट्या पोहे खाल्ले, साखरेसकट.

अभ्यासाला एक इंग्रजी नाटक होतं. गिरणीवाल्याच्या मुलाला राजाची माणसं धरून नेतात. त्याची बहीण राजाकडून माफीपत्र मिळवते आणि ते घेऊन डोंगर ओलांडून निघते. मी हिंदीत सांगू लागले तशा बीजींच्या सुया थांबायला लागल्या. ‘‘आगे?’’ मुलांच्याही आधी बीजी विचारायच्या. एकदा तर एका मुलीला म्हणाल्या, ‘‘तू बाथरूम बाद में जाईं, कुड़ी अभी पहाड़ पे है.’’

बीजींचा धाकटा मुलगा अमृतसरकडे ट्रक घेऊन गेला होता आणि परतला नव्हता. गाडी सापडली, तो नाही. हे मला नातवाने सांगितलं होतं. बीजी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

शेवटच्या अंकाच्या दिवशी बंद होता. बाकीची तिघं आली नाहीत. बीजी आणि नातू मात्र मागच्या गल्लीतून आले. मी शेवट इंग्रजीत भराभर वाचला. बहीण पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, भावाला फाशी दिलेली असते. मुलाने मान डोलावली. त्याचं इंग्रजी बेताचं, माझं हिंदी ऐकल्याशिवाय त्याला काही उमगायचं नाही. बीजींनी विचारलं, ‘‘पहुँच गई ना कुड़ी?’’

मी म्हटलं, ‘‘पहुँच गई, बीजी. वक़्त पे.’’

आणि मग दोघा भावंडांची भेट मी अगदी रंगवून सांगितली. बीजींनी डोळे पुसले. मुलगा वहीत लिहून घेत होता.

उद्या शाळेत त्याला एकट्याला गाठून खरं सांगू, असं ठरवलं. पण शाळा उघडलीच नाही, लगेच परीक्षेची सुट्टी लागली. तो घरी येत राहिला, पण शेजारी बीजी. मी विसरून गेले, असं पुढे मी स्वतःला पटवलं होतं. विसरले नव्हते. आदल्या वर्षी शेवटावर प्रश्न आला होता, लागोपाठ येत नाही, असा हिशेब करून मी गप्प बसले. बाकीच्या तिघांकडे चोरून आणलेली गाइडं होती. माझं ऐकलेला तो एकटाच.

प्रश्न आला. पेपर संपल्यावर तो माझ्याकडे धावत आला. ‘‘मैडम, वो लास्ट सीन वाला आया था. पूरे दो पेज लिखे.’’ बाकीचे हसू लागले आणि कुणीतरी त्याला गाइड उघडून दाखवलं. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन खिशाला लावलं.

इंग्रजीत तो थोडक्या मार्कांनी नापास झाला. एका विषयात नापास झालं की तिकडे कंपार्टमेंट म्हणतात, पुन्हा परीक्षा द्यायची. बारावी होताच त्याला इंदूरला मामाकडे कॉलेजात पाठवायचं ठरलं होतं. पंजाबबाहेर, नाक्यांपासून लांब. निकालाच्या दिवशी बीजी त्याला घेऊन आल्या. ‘‘रोज़ पढ़दा सी, मैडम. फिर की होया?’’

मी म्हटलं, ‘‘ध्यान नहीं दिया इसने.’’

हे मला आजही लिहवत नाही. त्याने मान खाली घातली. ‘‘हाँ बीजी. मेरी ग़लती है. मैडम ने तो ठीक पढ़ाया था.’’

पुन्हा शिकवलं, जीव तोडून. कंपार्टमेंटला चांगले मार्क मिळाले. तोवर इंदूरचे प्रवेश बंद झालेले. वर्षभर तो चंडीगढलाच राहिला.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दही आणायला एकटा गेला आणि त्याला चौकीत बसवून ठेवलं. बीजी माझ्या दारात आल्या, चपला न घालता. नवरा नुकताच ड्यूटीवरून आला होता, तसाच युनिफॉर्मवर निघाला. आम्ही तिघं चौकीत गेलो. नवऱ्याने सांगितलं, माझ्या बायकोचा विद्यार्थी आहे. त्यांनी सोडलं. मुलाचा एक गाल सुजला होता. परतताना बीजींनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. ‘‘रब तेरा भला करे, धीये.’’ धीये म्हणजे लेकी. मला हात सोडवून घेता येईना.

सकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी त्यांच्याकडे गेले. फाटक मुलानेच उघडलं. माझा चेहरा बघून तिथेच उभा राहिला.

‘‘मैडम, बीजी को वो कहानी आती है. पड़ोस में सबको सुनाती हैं. रहने दो.’’

‘‘और तू?’’

‘‘मैं पास हो गया ना.’’

मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले. आय ॲम सॉरी, एवढंच. हिंदीत म्हणायला धीर झाला नसता आणि मराठीत त्याला कळलं नसतं. तो लाजून म्हणाला, ‘‘मैडम, चाय?’’

पुढच्या उन्हाळ्यात तो इंदूरला निघाला. चंडीगढ स्टेशनवर मी, नवरा आणि बीजी. पराठ्यांचा डबा इतका मोठा होता की नवरा म्हणाला, ‘‘ह्याला वेगळं तिकीट लागेल.’’ गाडी हलली, दिसेनाशी झाली. बीजी माझ्याकडे वळल्या. ‘‘ठीक पहुँच जाएगा ना, मैडम?’’

तोंडाशी आलेलं ‘हो’ मी परत गिळलं. ‘‘पता नहीं, बीजी. तार आएगी तो बताऊँगी.’’

बीजींनी मान हलवली. त्यांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं.

तार आमच्याच पत्त्यावर यायची होती. ती आली तेव्हा मी पायात सापडेल ते घालून मागच्या गल्लीत गेले. आधी इंग्रजीत वाचली, मग हिंदीत सांगितली, शब्दाला शब्द. पोचलो. मामा स्टेशनवर होते. काळजी नको.

बीजी म्हणाल्या, ‘‘फिर से पढ़.’’ मी पुन्हा वाचली.