गयाताईंचे आठ आणि नानासाहेबांचे चार

गयाताई वाडीकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्यावर लिहायला समितीने मला सांगितलं, यात समितीचा थोडा धोकाच आहे. मी वकील, दोन ओळींच्या अर्जाला चार पानं लावायची आमची सवय. शिवाय ताई चांगल्या खणखणीत आहेत आणि हा लेख चष्मा लावून शेवटपर्यंत वाचणार आहेत. तेव्हा पदरचं घालून लिहायची सोय नाही.

लातूरहून कायद्याची पदवी घेऊन देगलूरच्या बाजूला असलेल्या आमच्या या लहानशा शहरात मी नुकती वकिली मांडली होती. ऑफिससमोरची नाली तुंबली. ताई त्या वेळी आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका. मी त्यांच्याकडे चांगली कलमं घालून तक्रार नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या, पदर खोचला, आणि माझ्या नालीकडे न बघता उताराने खाली जाऊन एकेका घराचं दार वाजवत सुटल्या. परत येऊन म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमची नाली मोकळी होईल हो. पण ते पाणी जाऊन कुणाच्या चुलीत शिरतंय, ते आधी बघाया नको?" नाल्या निघाल्या त्या खालून वर, माझी सगळ्यात शेवटी. मी चांगलाच रागावलो होतो. पण पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच पॅनेलमधून उभा राहिलो आणि त्यांच्याच पुण्याईवर निवडून आलो.

त्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. एकोणीस जणांच्या सभागृहात आमचे आठ, विरोधकांचे सात आणि उरलेले चार नानासाहेबांचे. नानासाहेब म्हणजे जिनिंगचे मालक. तालुक्यातला बराचसा कापूस त्यांच्या काट्यावर चढायचा, आणि कापूस चढतो तिथे माणसंही चढतात. त्यांनी पाठिंबा दिला म्हणून ताई नगराध्यक्ष झाल्या. त्या काळी नगराध्यक्ष नगरसेवकांतूनच निवडत. नानासाहेबांचे चार हात खाली आले की खुर्ची गेली. आम्ही काळजी करायचो, ताई हसायच्या. "खाट आपली हाय, पण दोन पाय शेजाऱ्याचे. झोपायचं, फकस्त कूस जपून बदलायची."

ताईंची कारभाराची एक रीत होती, आणि ती मी अजून दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पालिकेची सभा त्या नेहमी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लावायच्या. बाजाराच्या दिवशी रिक्षाला भोंगा बांधून सभेपुढचे सगळे विषय बाजारभर वाचले जायचे, आधी मराठीत, मग तेलुगूत, कारण सीमेपलीकडून बाया मिरची घेऊन यायच्या. ऊन उतरलं की ताई पिशवी घेऊन बाजाराला निघायच्या. वांगी निवडता निवडता लोक त्यांना दिवाबत्तीवरून झापायचे, मेथीच्या जुडीबरोबर घरपट्टीवरचं मत द्यायचे. ताईंचं माहेर हदगावकडचं, तेलुगूचा गंध नव्हता. ती त्या मिरचीवाल्यांकडून शिकल्या आणि अशी काही बोलायच्या की बाया हसून लोळायच्या. ते बाजारचे दिवस आठवले की आजही मन हळवं होतं. सभेत पुढे जे ठरायचं ते तिथेच ठरलेलं असायचं.

माझी आई नांदेडला दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. पाठिंब्यावरून नानासाहेबांची माणसं रुसलेली, रोज नवी बातमी. अशात ताई पालिकेची गाडी दारात ठेवून एसटीने नांदेडला आल्या आणि दुपारभर आईच्या उशाशी बसल्या. मला वाटलं, धीर देत असतील. जाऊन बघतो तर दोघींचं आंबाडीच्या भाजीत लसूण आधी घालायचा की नंतर, यावर कडाक्याचं भांडण चाललेलं. त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तेवढ्यासाठी मी ताईंचा जन्माचा ऋणी आहे.

आता मुख्य गोष्ट. गावाला पाणी पंधरवड्याने यायचं. धरणावरून पाइपलाइन ताईंनी हेलपाटे घालून मंजूर करून आणली होती आणि खोदाई अर्ध्यावर आली होती. नेमकं त्याच वेळी नानासाहेबांच्या मनात आलं, की आठवडी बाजार वेशीजवळून हलवून हायवेवरच्या त्यांच्या जमिनीशेजारी न्यावा. जमिनीला सोन्याचा भाव आला असता. पण डोक्यावर पाटी घेऊन चालत येणाऱ्या बाया तिथवर पोचणार कशा? गाव आतल्या आत धुमसत होतं. नानासाहेबांचा निरोप आला, विषय ऐनवेळचा म्हणून घ्या. म्हणजे विषयपत्रिकेवर नको, भोंग्यावर नको; सभेत आयत्या वेळी मांडायचा आणि हात वर करून मोकळं व्हायचं. नाही म्हणावं तर पाठिंबा जाणार, विरोधक येणार, आणि पाइपलाइनचा ठेका रद्द करू हे विरोधक उघड सांगत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

ताई मला घेऊन नानासाहेबांच्या घरी गेल्या.

"विषय घेते," ताई म्हणाल्या. "पण भोंग्यावर वाचून."

"मग तो ऐनवेळचा कसला राहिला, बाई? लोक चवताळतील ना."

"हाव, चवताळतील की. तुमच्यावर बी आन् माझ्यावर बी. पण चोरून करणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, नानासाहेब." मग माझ्याकडे वळून, "वकीलसाहेब, तुम्ही जरा ओसरीवर बसा."

मी ओसरीवर बसलो. चहाला साय धरली तरी दोघं बाहेर येईनात.

दुसऱ्या दिवशी भोंग्याने तो विषय बाजारभर वाचला. सभेच्या दिवशी पालिकेच्या जिन्यापर्यंत बाया येऊन बसल्या. नानासाहेबांचा ज्येष्ठ नगरसेवक उठला आणि म्हणाला, "नानासाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही हा विषय मागे घेतो. बाजार आहे तिथंच राहील." एकच गलका झाला. लोकांनी जिनिंगवर जाऊन नानासाहेबांना हार घातले. ताई सोडून आम्हा सातांना काही उमगलं नाही.

उमगलं ते पाणी आलं त्या दिवशी. व्हॉल्व्ह फिरवला नानासाहेबांनी, उद्घाटनाच्या दगडावर नाव त्यांचं, आणि संध्याकाळी ताईंनी राजीनामा दिला. नानासाहेबांचा माणूस आमच्या आठ मतांवर नगराध्यक्ष झाला. बाजार तिथेच राहावा, पाइपलाइन पुरी होईपर्यंत पाठिंबा टिकावा, आणि मग खुर्ची त्यांची, असा तो बंद खोलीतला सौदा होता. आम्ही तावातावाने म्हणालो, ताई, निदान लोकांना खरं सांगा. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर नानासाहेबांच्या गळ्यातला हार उतरल. हार उतरलेला माणूस बाजार सोडत नसतो."

गावात बोभाटा झाला, गयाताई विकल्या गेल्या. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच वॉर्डाने त्यांना पाडलं. आयुष्यभर सगळं चारचौघांत सांगणाऱ्या या बाईने ही एकच गोष्ट पोटात ठेवली आणि त्या दर आठवड्याला त्याच बाजारात पिशवी घेऊन जात राहिल्या. त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे.

हे छापण्याआधी मी नानासाहेबांकडे गेलो. ते आता अंथरुणाला खिळून आहेत. सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "छापा. मी त्या दिवशी बाईंना म्हणालो व्हतो, लोक तुम्हाला लई नावं ठेवतील. तर म्हणल्या, पाणी आलं की बाया भांडी घेऊन पळतात, नावं ठेवायला सवड कुणाला?"

ताईंचा अंदाज या एका बाबतीत चुकला. लोकांनी भांडी भरली आणि नावंही ठेवली. आज सकाळी आमच्या गल्लीत पाणी आलं. बादल्या वाजल्या, लहान मुलं ओरडली, कुणी ताईंचं नाव घेतलं नाही. म्हणून मी ते इथे घेतो. गयाताई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, जिभेचं तिखट कमी न होवो, आणि हे सारं ज्यांना ठाऊक नव्हतं ते तुमच्या दारी येऊन तुमच्या पाया पडेपर्यंत तरी तुम्ही निरोगी जगा. गाव मोठं आहे, ताई, वेळ लागेल.