रंग सांगा, बाई

माणसं भेटली की ‘जेवलात का?’ विचारतात. खाडे सर विचारायचे, “लघवी झाली का? रंग कसा हुता?” मुलांना, शिपायाला, पाहुणे म्हणून आलेल्या व्याह्यांना. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांना, तेही त्यांच्या गळ्यात हार पडत असताना! उत्तरं दोनच चालत. ‘गव्हाचं काड’ म्हटलं की पाठीवर थाप. ‘काकवी’ म्हटलं की सर मुकाट्यानं माठाकडं बोट दाखवत, आणि त्या बोटाला मुलं छडीहून जास्त भीत.

जामखेडकडच्या त्या शाळेत मी संगमनेरहून नवी लागले ती दुष्काळात, आणि तिथं बाईमाणूस म्हणजे मी एकटीच. सर समोरून येताना दिसले की मी सरळ दाराआड! ‘आता विचारणार’ हीच धास्ती. पण मला त्यांनी कधीच विचारलं नाही. माठाशेजारचं माझं फुलपात्र सकाळी जसं कोरडं, तसंच शाळा सुटतानाही कोरडं, एवढं मात्र त्यांनी बघून ठेवलं होतं.

त्याचं कारण साधं होतं. पुरुषांना शाळेमागचा निवडुंग पुरे. मी कुठं जाणार? युक्ती मला शेजारच्या सखूबाईनं शिकवली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची, भर माळावर, चारशे माणसांत. “सकाळपास्नं पानीच प्यायाचं न्हाई, बाई. मंग उठाया लागत न्हाई. आमी समद्या तसंच करतो.” मी बी.एस्सी. झालेली, तरी मला ते पटलं. लाज मोठी चतुर असते, शिकलेल्यांनाही गुंडाळते.

एके दिवशी सरांनी सातवीला मूत्रसंस्था शिकवायला काढली आणि मला मागच्या बाकावर बसायला लावलं. “बाई, फळ्यावरचे आकार नीट दिसतात का बघा,” हे निमित्त. आकृती काढलीच नाही. खिशातून फुगा काढला. “शंकराच्या पिंडीवर गळती असती का न्हाई? थेंब थेंब? तशा दोन गळत्या आपल्या पाठीत टांगल्यात. रगत येतं, त्या गाळतात. चांगलं तेवढं माघारी, नको ते खाली. दोन बारीक नळ्या ते ढकलत नेतात. तुमी झोपा न्हाईतर उलटं लटका, ढकलणं थांबत न्हाई. आन् खाली ही पिशवी.”

सर तांब्यातलं पाणी पिचकारीनं फुग्यात भरू लागले. दुष्काळात पिण्याचं पाणी फुग्यात! फुगा ताणला, आणखी ताणला. पहिल्या बाकावरच्या पोरींनी कानात बोटं घातली.

“फुटंल असं वाटतं ना? न्हाई फुटत. तीच तर भीती हाय. पिशवी लई सोसती. दार आपल्या हातात दिलंय देवानं, म्हणून आपण लावून बसतो. आन् पानीबी पीत न्हाई, म्हणून आत थोडं, घट्ट, तसंच साचतं. साचलेल्यात किडा पडतो. मंग तो किडा नळीनं वर चढतो, गळतीकडं.” त्यांनी मुलांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. छपराकडं बघत म्हणाले, “गाळणारा गाळतोय, साठवणारा साठवतोय. आडवा येतो तो मानूस.” मग फुगा त्यांनी जपून लिंबाच्या आळ्यात रिता केला.

तोवर मला आग सुरू झाली होती. उन्हाळी लागली असेल म्हणून मी घरी सब्जा खाल्ला आणि गप्प बसले. चार-दोन दिवसांनी, रखरखत्या दुपारी, मी शिक्षकांच्या खोलीत पदर घट्ट लपेटून कुडकुडत होते. दात वाजत होते. डाव्या कुशीत कुणी तरी पहार घालून फिरवत होतं. आपण मरणार आणि कशानं ते कुणाला सांगताही येणार नाही, याचीच भीती जास्त.

सरांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, दार उघडंच ठेवलं. खुर्ची भिंतीकडं फिरवून माझ्याकडं पाठ करून बसले.

“मी भिताडाशी बोलतो. तुमीबी तिकडच्या भिताडाला सांगा. आग?”

“हो.”

“पाठीत?”

“डावीकडं.”

“रंग सांगा, बाई.”

“गव्हाचं काड.”

सरांची भिंत म्हणाली, “तुमाला खोटं बोलाया जमत न्हाई.”

“काकवी, सर,” मी म्हटलं, आणि रडायलाच लागले.

खुर्ची करकरली. सर म्हणाले, “आमची कारभारीण अशीच गेली. मी पोरांना हेच शिकवत हुतो, आन् घरात ती न बोलता तापत हुती. मी विचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई. उठा!”

गावात पाणी ओतून एक टँकर नगरला परत निघाला होता. सर रस्त्यात आडवे उभे राहिले. मी त्या टँकरच्या केबिनमध्ये, सखूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून नगरच्या दवाखान्यात पोचले. सुया टोचून घेतल्या, घागरभर पाणी प्याले आणि वाचले. आणखी उशीर झाला असता तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले होते. ते अर्धवट वाक्य मला कित्येक रात्री पुरलं.

परत आले तर शाळेमागं तरटाचा आडोसा उभा. हेडमास्तर कुरकुरले, शाळेची शोभा जाते. सर म्हणाले, “शोभा ऱ्हाईल, बाई जातील. कोण पायजे ते ठरवा.” पुढं सखूबाईच्या खडीवरही त्यांनी तसाच एक आडोसा उभा करायला लावला. मुकादम त्यांच्या प्रश्नालाच घाबरून कबूल झाला म्हणे!

पुष्कळ वर्षांनी सर नगरला दवाखान्यात असल्याचं कळलं, म्हणून गेले. खाटेला रबरी नळी, खाली पिशवी. सर वाळून काटकी झालेले.

“बाई, मला वाकता येत न्हाई. इथलं कुणी सांगत न्हाई. तेवढा रंग सांगा.”

मी वाकले. पिशवी जवळजवळ रिकामी होती आणि तळाशी जे होतं ते बघून माझे दात त्या दुपारसारखे वाजू लागले.

“गव्हाचं काड, सर.”

सर हसले. “इतकी वर्सं झाली. तुमाला अजून जमत न्हाई.”

त्यांनी हळूच कूस बदलली, तोंड भिंतीकडं केलं. “फिरवा खुर्ची,” म्हणाले. “मला लई भ्या वाटतंय, बाई. जरा भिताडाशी बोलू.”

मी खुर्ची फिरवली.