नववा गाळा

ती कधी शाबास म्हणायची नाही आणि चुकलं असंही म्हणायची नाही. गळ्यात घड्याळ अडकवून समोर बसायची. उत्तर काहीही द्या, चेहरा तसाच. विचारलं तर म्हणायची, "आधी ऐकून घेते काका. बरोबर-चूक नंतर." शनिवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर तिचं नाव पडलं परीक्षावाली. मूळची अमरावतीची, शिकायला वाघोलीच्या कॉलेजात. म्हाताऱ्यांच्या डोक्यात आणि तरुणांच्या डोक्यात फरक किती, हे ती शोधत होती.

मी तिला दोनदा परत पाठवली. कारण कोणाला सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी मंडईतून येताना मला घराची गल्ली सापडली नव्हती. त्याच मंडईत पन्नास वर्षं हमाली केलेला माणूस मी. मुलाला कळलं असतं तर एकट्याचं बाहेर पडणं बंद झालं असतं.

पण ती यायचीच. "बसू का जी?" विचारायची आणि बसायची. शेवटी म्हटलं, विचार.

"शिक्षण?"

"दुसरी. तीही अर्धी. आणि तुझ्या त्या पोरांचं?"

"इंजिनिअरिंगला आहेत."

"मग कुस्ती तरी जोडीची लाव."

तिचं पेन थांबलं. समासात तिने काहीतरी लिहिलं आणि पंधरा शब्द वाचले. मी शाळेतल्यासारखे घोकले. पाच आले.

"परत वाच."

"दुसऱ्यांदा वाचलेलं धरता येत नाही, काका."

"नको धरू. वाच."

या वेळी मी मंडईत शिरलो. मला अक्षर येत नव्हतं, म्हणून कोणाच्या मालाची पाटी कोणत्या गाळ्यावर उतरवायची हे डोक्यातच असायचं. तसाच एकेका गाळ्यावर एकेक शब्द उतरवत गेलो. नदी कांद्याच्या गाळ्यावर, चावी लिंबांच्या. चौदा आले, तेही तिच्याच क्रमाने.

"हे कुठं शिकलात?"

"डोक्यावर पाटी असताना."

तिने वही मिटली, आणि का कोण जाणे, मी तिला गल्लीचं सांगून टाकलं.

"हे मी कुठं लिहिणार नाही," ती म्हणाली. "पण मुलाला तुम्हीच सांगा. डॉक्टरकडे लवकर गेलेलं बरं असतं." मी मान फिरवली.

काम संपलं तशी ती अमरावतीला गेली. निघताना पाया पडली. शाबास तेव्हाही म्हणाली नाही.

रोज सकाळी मी डोळे मिटून त्या गाळ्यांवरून फिरतो. आठवडा झाला, नववा गाळा रिकामा आहे. तिथं शब्द होता, एवढंच ठाऊक आहे.

काल मुलाला समोर बसवलं. तो मध्येच बोलायला लागला.

"आधी ऐकून घे," मी म्हणालो. "बरोबर-चूक नंतर."