अम्मीसोबतचा फोटो

मंगरुळपीरची उमेरा लग्नांत फक्त बायकांच्या बाजूचे फोटो काढते. नवरा जुनैद अपघातात गेला, तेव्हा त्याचा कॅमेरा तिनं हाती घेतला. लग्नात परक्या पुरुषानं बायकांत शिरणं ज्यांना चालत नाही, अशी घरं तिला बोलावतात. लग्नाआधी ती नवरीकडे जाऊन बसते आणि कोणते फोटो हवेत ते विचारून घेते.

मेडशीच्या आरजूनं फारसं काही मागितलं नाही. स्टेजवरचे तुमच्या मनानं काढा, म्हणाली. फक्त एक फोटो तिला हवा होता. तिची आई सुलतानबी लकव्यानं खाटेवर पडून होती. हॉल तालुक्याच्या गावी, मालेगावला; तिथं तिला नेणं होणार नव्हतं. म्हणून नवरीचे कपडे घरीच घालायचे, अम्मीजवळ बसून फोटो काढायचा आणि मग निघायचं, असं ठरलं. आरजूचे वडील अन्सारभाई तिथंच बसले होते. ते सगळं ऐकत होते.

लग्नाच्या सकाळी उमेरा मेडशीला पोचली, तर आरजूला पहाटेच मालेगावच्या पार्लरमध्ये नेलेलं. तिथून ती थेट हॉलवर जाणार होती. अन्सारभाई अंगणात गाडीची वाट पाहत उभे होते. उमेरानं ठरलेल्या फोटोची आठवण करून दिली.

ते म्हणाले, "धाकटी अजून लग्नाची आहे. अल्बम चार घरी फिरते. आईले असं पाहून तिले कोण करून घेईन?"

हॉलवर आरजूनं उमेराचा हात धरला आणि अम्मीनं काही खाल्लं का, एवढंच विचारलं. बिदाईच्या वेळी तिनं वडिलांना गाडी मेडशीवरून न्यायला सांगितलं. पण सासर मानोऱ्याचं, वाट अगदी उलटी. वऱ्हाडी घाईत होते. गाडी निघून गेली.

उमेरा एसटीनं मेडशीला परत आली. शेजारणीनं सकाळीच सुलतानबीची वेणी घालून दिली होती, अंगावर नवी ओढणी होती. उमेरा खाटेवर टेकली आणि कॅमेऱ्यात एकेक फोटो दाखवू लागली. सुलतानबी प्रत्येक फोटो बराच वेळ बघायची, मग मान हलवायची. शेवटी उमेरा म्हणाली, कॉम्प्युटरवर तुमचा फोटो आरजूच्या शेजारी बसवून देते, कोणाला कळणारही नाही.

सुलतानबीची जीभ जड झाली होती. ती हळूहळू म्हणाली, "नको बेटा. मी कुठं होती तिथं?"

थोड्या वेळानं तिनंच ओढणी नीट करायला सांगितली. उमेरानं तिचा एकटीचा फोटो काढला.

अल्बममध्ये तो लागला नाही. पावसाळा सरता सरता सुलतानबी गेली. मातीला आरजू पोचली, पण तोंड पाहण्यापुरतीच. चाळिसाव्याला ती राहायला आली, तेव्हा उमेरानं तो फोटो तिच्या हातात दिला. आरजूनं आधी ओढणीवरून बोट फिरवलं.

"अम्मी तयार होऊन बसली होती?"

"हो. सकाळपासून."

आरजूनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. अन्सारभाई दारात आले, तिला जेवायला हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही. ते थोडं थांबले आणि आत निघून गेले.