रविवारचा नेम

"बघितलं म्हणजे झालं नाही. बोट घाला."

पिस्तूल हातात आलं की चीफ हे वाक्य म्हणायचे आणि गोळी बसते त्या खोबणीत स्वतःची करंगळी खुपसायचे. आत गोळी नाही याची खात्री शस्त्रागारातल्या माणसाने केलेली असायची, रेंज ऑफिसरने केलेली असायची, त्यांनी स्वतः डोळ्यांनीही केलेली असायची. तरी करंगळी आत जायचीच. मग ती काळी करंगळी ते विजारीला पुसायचे. त्यांच्या सगळ्या विजारींवर उजव्या खिशाखाली एक डाग होता आणि तो कुठल्याही साबणाने निघत नव्हता.

परदेशात राहिलेल्या प्रत्येकाला असा एखादा माणूस माहीत असेल, ज्याला सगळे हुद्द्यानेच हाक मारतात. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत ते नवव्या मजल्यावर एकटे राहायचे. दापोलीकडचे. तरुणपणी बोटीवर इंजिनियर होते, पुढे सिंगापूरलाच स्थायिक झाले. मराठी माणसं त्यांना चीफ म्हणायची, खालचा कॉफीवाला 'चीफ अंकल' म्हणायचा. सत्तरीचे होते, पण चालताना पाय असे फाकून टाकायचे की जमीन अजून हलतेय की काय असं वाटावं.

आमची ओळख झाली ती अंड्यांमुळे. त्याआधी जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लांटमध्ये एक अपघात झाला होता. वाफेच्या लाइनचं गास्केट फुटलं, तेव्हा मी वीस पावलांवर उभा होतो. कोणी दगावलं नाही, मला साधं खरचटलंही नाही. पण तो आवाज माझ्या अंगात शिरून बसला. दार आपटलं की मी उडायचो. घरात कुकरची शिट्टी झाली की हातातला चहा सांडायचा. बायकोने काही न बोलता कुकर माळ्यावर टाकला आणि भात पातेल्यात शिजवायला लागली. मुलगी सात वर्षांची, ती मात्र स्पष्टवक्ती. "बाबा, इट्स ओन्ली द मिक्सर, लाह!" असं म्हणून माझ्या पाठीवर थोपटायची.

प्लांटमध्ये मला पाऊल टाकवेना. साहेब चांगला होता, त्याने मला शहरातल्या ऑफिसात टेबलाशी बसवलं आणि म्हणाला, सहा महिने बघू. सहा महिन्यांनी साइटवर जमलं नाही तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. माझा इथे राहायचा पास त्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली असती तर घर, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परतावं लागलं असतं, तेही घाबरून पळून आलेला माणूस म्हणून.

तर अंडी. लिफ्टपाशी कोणीतरी मोठं खोकं आपटलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. चीफ शेजारी उभे होते. त्यांनी हातातला पेपर पसरला, गुडघ्यावर बसून सगळा राडा गोळा केला आणि म्हणाले, "चार वाचलीत. दचकता फार हो तुम्ही. रविवारी मोकळे आहात का?"

मला वाटलं, सत्यनारायण असेल. निघाला पिस्तूल क्लब.

"आवाजाला घाबरणारा माणूस बंदुका उडवायला चाललाय," बायको म्हणाली. मीही तेच म्हणालो. पण चीफना नाही म्हणणं अवघड होतं, कारण ते आग्रह करत नसत. रविवारी सकाळी ते खाली येऊन उभे राहत आणि आपण खाली गेलो नाही तर तसेच उभे राहत.

सिंगापुरात पिस्तूल घरी नेण्याचा प्रश्नच नाही. क्लबच्याच शस्त्रागारातून घ्यायचं, तिथेच उडवायचं, तिथेच परत द्यायचं. पहिल्या दिवशी मी कानांवर डबल संरक्षण चढवून मागच्या बाकावर नुसता बसलो आणि घामाने भिजलो. चीफनी मला एकदाही उठा म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला मी स्वतःच उठलो.

मधले दोन रविवार मी दांडी मारली होती. गोळ्या कागदाच्या कडेलाही लागेनात तेव्हा मी वैतागून विचारलं, "चीफ, माझा नेम का लागत नाही?"

"नेम धरलायस कुठे? दोन रविवार गायब होतास." एव्हाना ते मला अरे-तुरे करायला लागले होते. "संकष्टीचा धरतात तसा आधी नेम धर. लागायचं नंतर बघू."

हे बायकोला फार पटलं. तिने कॅलेंडरवर सगळ्या रविवारांना गोल केले. बाहेर पिस्तुलाचा विषय नको म्हणून कोणी विचारलं की ती सांगायची, "ह्यांचा रविवारचा नेम असतो." यात खोटं काहीच नव्हतं. मात्र शेजारच्या इमारतीतल्या एका मराठी काकूंनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि दर रविवारी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पाठवायला सुरुवात केली. वर "एवढ्या तरुण वयात किती करतात हो!" असं कौतुकही. ती खिचडी मी आणि चीफ रेंजबाहेरच्या पायरीवर बसून हात तीनतीनदा धुऊन खायचो. "उपास कडक आहे," चीफ म्हणायचे आणि दाण्याचं कूट माझ्या बाजूला सारायचे.

पुढे क्लबची परीक्षा आली. ती कुठल्या पिस्तुलावर देणार हे आधी अर्जात लिहून द्यायचं होतं. क्लबमध्ये दोन पिस्तुलं लोकप्रिय होती. एक ऑस्ट्रियन: प्लास्टिकच्या अंगाचं, हलकं, दिसायला इस्त्रीच्या मुठीसारखं ओबडधोबड, पण प्रत्येक गोळीला चाप सारखाच. दुसरं झेक: सगळं पोलादी, जवळजवळ किलोभर वजनाचं. पहिल्या गोळीला चाप जड, पुढच्यांना लोण्यासारखा. मूठ तर अशी की हस्तांदोलन केल्यासारखं वाटावं.

मी पुण्याचा आणि त्यात इंजिनियर. एक्सेलमध्ये चौदा ओळींचा तक्ता केला. वजन, झटका, चाप, मूठ, साफसफाई. प्रत्येकाला गुण दिले, गुणांना भारांक दिले आणि दोन्ही पिस्तुलांची बेरीज सारखी आली. मग भारांक बदलून पाहिले. शेवटी तक्ता छापून रेंजवर नेला.

चीफनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "छान केलायस," म्हणाले. "यात तू कुठल्या ओळीत आहेस?"

मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं. खऱ्या गोळ्यांत काही नकली, न उडणाऱ्या घातल्या. कुठली कधी येणार ते मला माहीत नव्हतं. आधी हलकं पिस्तूल घेतलं. दोन गोळ्या उडाल्या. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक्' झालं. आवाज नाही, झटका नाही, तरी माझे दोन्ही हात जोरात खाली गेले आणि डोळे मिटले.

"पिस्तूल तर उडालं नाही," चीफ म्हणाले. "मग उडालं कोण?"

जड पिस्तुलावरही तेच झालं. मी तिथे उभा राहून हसलो आणि हसता हसता मला रडू आलं. इतके महिने मी आवाजाला घाबरतोय असं मला वाटत होतं. मी घाबरत होतो ते न झालेल्या आवाजाला.

अर्जात मी जड पिस्तूल लिहिलं. का, असं चीफनी विचारल्यावर खरं ते सांगितलं: झटका कमी जाणवतो. त्यांनी मान हलवली. ते स्वतःही तेच वापरायचे, त्यामुळे त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज होता. ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले.

"मी चीफ नाही, माहीत आहे का तुला?"

मला वाटलं, थट्टा करतायत.

"सेकंड इंजिनियर होतो. पुढच्या फेरीला चीफ होणार होतो. कागदपत्रं झाली होती. त्याच फेरीत इंजिनाच्या पोटात स्फोट झाला. थर्ड इंजिनियर भाजला. वाचला तो, पुढे बोटीवर परतही गेला. मला काही झालं नव्हतं. बोट सिंगापूरला लागली, मी बॅग घेऊन उतरलो आणि जन्मभर सुट्या भागांच्या दुकानात नोकरी केली. लोक चीफ म्हणायला लागले, मी म्हणू दिलं." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "जड पिस्तूल वाईट नाही. मला त्याचीच सवय आहे. पण तुला प्लांटमध्ये परत जायचंय."

मी आत गेलो आणि अर्जावरचं जड पिस्तूल खोडून हलकं लिहिलं. क्लार्क वैतागला, त्याने खाडाखोडीपाशी सही मागितली.

परीक्षेत मी पास झालो. शेवटून दुसरा आलो, पण पास झालो. नंतरच्याच आठवड्यात साहेबाला सांगितलं की मी सोमवारपासून साइटवर येतो. सहा महिन्यांतले अकरा दिवस उरले होते.

त्या सोमवारी कंपनीच्या बसमधून जुरोंग आयलंडच्या चेकपॉइंटवर उतरलो, तर पास दाखवायच्या रांगेबाहेर चीफ उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पेपर. पासशिवाय त्यांना पुढे येता येणार नव्हतं. "इकडे एक काम होतं," म्हणाले. मी पलीकडे गेलो आणि बसमध्ये बसलो. त्यांनी हात वगैरे केला नाही.

त्या दिवशी प्लांटमध्ये एक सेफ्टी व्हॉल्व्ह चाचणीसाठी उडवणार होते. मला बाजूला व्हायची मुभा होती. मी उभा राहिलो. दचकलो, चांगलाच दचकलो, पण जागेवर राहिलो आणि दाबाचा आकडा वाचून वहीत लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं, ते मी तसंच ठेवलं.

संध्याकाळी बस परत आली तेव्हा चीफ पुन्हा तिथेच. "आत्ताच आलो," म्हणाले. "काय झालं?"

"दचकलो."

"मग?"

"थांबलो."

"बरं झालं. पाणी आहे का तुझ्याकडे?" माझी अख्खी बाटली त्यांनी उभ्याउभ्या संपवली. शर्ट चुरगळला होता. मी माझ्याच आनंदात होतो, काही विचारलं नाही. घरी आलो तर बायकोने कुकर लावला होता. शिट्टी झाली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

पुढच्या वर्षी चीफ गेले. तीन दिवस हॉस्पिटलात होते, त्रास फार झाला नाही. मंडाईच्या स्मशानात आम्ही वीस-पंचवीस जण होतो, त्यांत निम्मे क्लबचे. आभार मानायचं मनात होतं, पण असल्या माणसाचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते मला सुचत नव्हतं आणि त्यांना ते आवडलंही नसतं, अशी मी माझी समजूत घातली.

त्यानंतर काही आठवड्यांनी चेकपॉइंटवरच्या म्हाताऱ्या गार्डने माझा पास परत देता देता विचारलं, "युअर अंकल नेव्हर कम आह?"

कोण अंकल, मी म्हटलं.

"ओल्ड इंडियन अंकल. दॅट टाइम, होल डे सिट हिअर. मॉर्निंग टिल इव्हनिंग. सो हॉट. आय गिव्ह हिम माय चेअर. आय से, अंकल, गो होम लाह. ही से, कॅनॉट. माय इंजिनियर इनसाइड."

मागची माणसं पुढे सरकायला सांगत होती. अंकल वारले, एवढं मी गार्डला सांगितलं. मग त्या खुर्चीबद्दल त्याचे आभार मानले. त्याला वाटलं, मी खुर्चीबद्दलच बोलतोय.